बग-दुरुस्तीचे परीक्षण: नावाची लांबी बाइटमध्ये मोजावी, कोड पॉइंटमध्ये की रकान्यांत?

अर्धविराम (प्रश्न):

सर्वांस नमस्कार. सी भाषेत लिहिलेल्या एका मुक्तस्रोत आवृत्ती-नियंत्रण साधनाच्या प्रकल्पात मी आजवर मुख्यतः दस्तऐवज आणि चाचण्या यांत हातभार लावत आले आहे. आता तेथील मेंटेनरांनी, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्यांनी, एका बग-दुरुस्तीचे परीक्षण करण्यास मला सांगितले आहे. पॅच (सुचवलेला कोडबदल) लहान आहे, त्याने मूळ तक्रार मिटते, आणि तरीही त्याखाली 'मान्य' असे लिहिण्यास माझे मन धजत नाही. म्हणून येथे विचारत आहे.

दोन कमिटांमधील (इतिहासात नोंदलेल्या दोन टप्प्यांमधील) फरकाचा गोषवारा दाखवताना हे साधन, गिटच्या 'डिफ --स्टॅट'प्रमाणेच, प्रत्येक ओळीवर फाइलीचे नाव, त्यानंतर एक उभी रेघ, बदललेल्या ओळींची संख्या आणि अधिक-वजा चिन्हांची पट्टी छापते. सर्व ओळींतील उभ्या रेघा एकाखाली एक याव्यात म्हणून लहान नावांपुढे रिकाम्या जागा भरल्या जातात, आणि नाव फारच लांब असेल तर ते डावीकडून छाटून सुरुवातीला तीन टिंबे दिली जातात. तक्रार अशी होती की नावात स्वरचिन्हे असलेली लॅटिन अक्षरे आली की त्या ओळीतील उभी रेघ डावीकडे सरकते, आणि लांब नाव छाटले गेल्यास टिंबांनंतरचे पहिले अक्षर अनेकदा अवाच्य होते. कारण उघड आहे: नावाची लांबी 'स्ट्रलेन'ने, म्हणजे बाइटमध्ये, मोजली जात होती.

पॅचमध्ये 'स्ट्रलेन'च्या जागी यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मधील कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली चिन्हे, मोजणारे एक छोटे फंक्शन आले आहे, रिकाम्या जागा आता 'प्रिंटएफ' या छापणाऱ्या फंक्शनवर न सोपवता वजाबाकी करून काढल्या जातात, आणि छाटणीही कोड पॉइंट मोजून होते. याखेरीज त्याच कमिटमध्ये काही चलांची नावे बदलली आहेत. सोबत एक चाचणी जोडलेली असून तिच्यात तक्रारीतलेच फाइलनाव घेतले आहे. मी पॅच लावून साधन बांधले, तक्रारीतील कृती जशीच्या तशी करून पाहिली आणि सर्व चाचण्या चालवल्या. कोठेही अडचण दिसली नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. याहून अधिक काय तपासावे? आणि एवढ्या तपासणीच्या आधारे मी पॅचखाली परीक्षक म्हणून माझे नाव लिहू शकते का?

पायमोडका:

कोडकडे वळण्यापूर्वी येथे नेमके काय मोजायचे आहे ते ठरवावे लागेल, कारण 'नावाची लांबी' या दोन शब्दांत तीन वेगवेगळी मापे दडलेली आहेत. साठवणीसाठी लागणारे बाइट हे पहिले, युनिकोडमधील कोड पॉइंटांची संख्या हे दुसरे, आणि टर्मिनलवर व्यापले जाणारे रकाने हे तिसरे. उभ्या रेघा एका ओळीत आणायच्या असतील तर उपयोगाचे माप तिसरेच आहे. पॅचने पहिल्या मापाऐवजी दुसरे घेतले आहे. तक्रारीतील उदाहरणात दुसरे आणि तिसरे माप योगायोगाने सारखे येते, म्हणून ती मिटलेली दिसते: स्वरचिन्ह जोडूनच साठवलेले लॅटिन अक्षर यूटीएफ-८ मध्ये सामान्यतः दोन बाइटांचे असते, पण तो कोड पॉइंट एकच असतो आणि रकानाही एकच व्यापतो.

आता 'पुस्तके' हे नाव घ्या. प, उकार, स, हलन्त, त, क आणि एक मात्रा असे त्यात सात कोड पॉइंट आहेत. देवनागरीच्या पट्ट्यातील प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा असल्यामुळे बाइट एकवीस होतात. रकाने मात्र चारच, कारण उकार, हलन्त आणि मात्रा या तिन्ही चिन्हांची रुंदी शून्य धरली जाते. समजा, याच कमिटमध्ये साध्या इंग्रजी लिपीतील वीस अक्षरांचे दुसरे एक नाव आहे. जुन्या कोडमध्ये 'पुस्तके' हेच अधिक लांब ठरेल, त्यापुढे एकही रिकामी जागा भरली जाणार नाही आणि रेघ सतरा रकाने डावीकडे येईल. पॅच लावल्यावर तेरा जागा भरल्या जातील. चार आणि तेरा मिळून सतरा, म्हणजे रेघ अजूनही तीन रकाने अलीकडेच. योग्य आकडा सोळा आहे.

चिनी-जपानी अक्षरांत चूक उलट दिशेने होते. त्यांतील बहुतेक अक्षरे टर्मिनलवर दोन रकाने घेतात, पण कोड पॉइंट एकच असतो. म्हणून नव्या कोडमध्ये रेघ उजवीकडे जाईल. येथे एक बाब नीट ध्यानात घ्यावी. पूर्वीचा कोड अशा अक्षराला तीन मोजत असे, म्हणजे नाव गरजेपेक्षा आधी छाटले जाई, पण ओळ टर्मिनलच्या बाहेर कधी जात नसे. नवा कोड एक मोजतो, म्हणून लांब नाव छाटलेच जाणार नाही आणि ओळ दुमडून खालच्या ओळीवर येईल. ज्या वापरकर्त्यांना हा त्रास आजवर नव्हता त्यांच्यासाठी या दुरुस्तीतून नवा दोष निर्माण होतो, आणि मेंटेनरांना सर्वप्रथम कळायला हवे ते हेच.

छाटणीचे पाहू. बाइट मोजून छाटताना अक्षराच्या मध्ये सुरी पडत असे, ते कोड पॉइंट मोजल्यामुळे निश्चितच थांबते. पण उरलेल्या तुकड्याच्या आरंभी हलन्त किंवा अनुस्वार आला तर तो आपल्या अक्षरापासून तुटून अलीकडच्या टिंबावर जाऊन बसतो, किंवा टर्मिनल तेथे ठिपक्यांचे वर्तुळ काढते. शून्य रुंदीची चिन्हे ओलांडून पुढे जावे, हा उपाय अर्धाच आहे, कारण काना, दोन्ही वेलांट्या, ओकार आणि विसर्ग यांची रुंदी युनिकोडच्या वर्गवारीनुसार एक धरली जाते. ती चिन्हे त्या चाळणीतून निसटतील आणि टिंबांनंतर एकटा काना उभा दिसेल. पूर्ण अक्षराच्या सीमेवरच छाटायचे असेल तर अक्षरसमूहांच्या सीमा ठरवण्याचे युनिकोडचे वेगळे नियम आणावे लागतात, आणि या पॅचकडून तेवढी अपेक्षा ठेवणे मला अवाजवी वाटते. गिटमध्ये छाटल्यानंतर उरलेल्या भागात पुढे तिरकी रेघ सापडल्यास नाव तेथून सुरू केले जाते, त्यामुळे फोल्डरांच्या आत असलेल्या फाइलींबाबत हा प्रसंग बराच टळतो. आपल्या साधनात तसे आहे का, ते पाहावे.

प्रकल्पात यूटीएफ-८ मजकुराची रुंदी काढणारे फंक्शन आधीपासून आहे का, हेही शोधा. कमिट संदेशाच्या ओळी मोडण्यासाठी किंवा नोंदींच्या यादीतील रकाने जुळवण्यासाठी ते बहुधा कोणीतरी पूर्वीच लिहिलेले असते. गिटमध्ये असे फंक्शन होते, आणि २०२२ मध्ये 'डिफ --स्टॅट'मधील 'स्ट्रलेन' काढून तेच तेथे वापरण्यात आले.

जुनीनोंद:

पायमोडका यांचे विश्लेषण बरोबर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. ज्या योगदानकर्त्याने एक तक्रार हाती घेऊन ती सोडवली, त्याच्यावर जगातील सर्व लिप्यांची जबाबदारी टाकली तर पुढच्या खेपेस तो येणारच नाही. देवनागरी नावांच्या बाबतीत सतरा रकान्यांची चूक तीन रकान्यांवर आली आहे. हा पॅच स्वीकारावा, उरलेल्या बाबींची स्वतंत्र नोंद करावी आणि पुढे जावे. परिपूर्णतेच्या आग्रहापायी महिनोन्महिने अडकून पडलेले आणि शेवटी कोणीच न वाचलेले पॅच मी बरेच पाहिले आहेत.

शिवाय 'योग्य आकडा सोळा' हे विधान वाटते तितके पक्के नाही. हलन्ताने जोडलेली दोन व्यंजने काही टर्मिनले एकच जोडाक्षर करून दाखवतात, काही ती सुटी ठेवून हलन्त खाली काढतात, आणि जोडाक्षर काढणारीही त्यासाठी किती रकाने राखून ठेवतात यात एकवाक्यता नाही. मग परीक्षकाने कोणत्या टर्मिनलला प्रमाण मानायचे?

पायमोडका:

टर्मिनलांविषयीचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. परंतु साधनाला स्वतःच्या बाजूने एक ठरावीक कोष्टक पाळता येते. युनिकोडच्या माहितीतून प्रत्येक कोड पॉइंटची रुंदी शून्य, एक किंवा दोन अशी काढलेली असते, आणि बहुतेक टर्मिनले त्याच्याच जवळपासचा हिशेब करतात. गिटही असे कोष्टक स्वतःजवळ ठेवते आणि युनिकोडची नवी आवृत्ती आली की ते नव्याने तयार केले जाते. म्हणून चाचणीत तुलना त्या कोष्टकाशी करावी. पडद्यावर डोळ्यांना काय दिसले याची नोंद परीक्षणात उपयोगी आहे, पण तिच्यावर निकाल अवलंबून ठेवू नये. कोष्टकाप्रमाणे 'पुस्तके'चे रकाने चार आहेत, आणि सोळा हा आकडा त्यावरून आला आहे.

स्वीकारून पुढे जाण्याविषयी: देवनागरीपुरते पाहिले तर मीही आपल्यासारखेच म्हटले असते, कारण तेथे पॅचमुळे केवळ सुधारणा होते. रुंद अक्षरांच्या नावांत मात्र पूर्वी न दुमडणारी ओळ आता दुमडते. अपुरी दुरुस्ती आणि एकाचा दोष दुसऱ्याकडे ढकलणारी दुरुस्ती यांना मी एकाच तराजूत घालणार नाही. त्यातच योग्य फंक्शन प्रकल्पात आधीच हजर असेल तर योगदानकर्त्याचे कामही कमीच होते, कारण त्याला स्वतः लिहिलेले मोजणीचे फंक्शन काढून टाकता येईल.

सातवी_ओळ:

मोजमापाची चर्चा झाली आहे, म्हणून मी वजाबाकीकडे लक्ष वेधतो. 'रिकाम्या जागा आता वजाबाकी करून काढल्या जातात' असे आपण लिहिले आहे. ही वजाबाकी ऋण येऊ शकते का, हे प्रत्येक मार्गाने तपासा. सी भाषेच्या नियमांनुसार 'प्रिंटएफ'ला तारकाचिन्हामार्फत दिलेली रुंदी ऋण असेल तर तिचा अर्थ 'डावीकडे टेकवा आणि तेवढीच धन रुंदी घ्या' असा होतो. म्हणजे रिकाम्या मजकुराला उणे पाच रुंदी दिली तर काहीच न छापले जाण्याऐवजी पाच जागा छापल्या जातील. प्रोग्रॅम कोसळणार नाही, इशारा मिळणार नाही. ओळ फक्त दुप्पट बिघडेल. आणि दोन्ही चल 'साइझ-टी' या ऋण संख्या न ठेवणाऱ्या प्रकारचे असतील तर ऋण उत्तराच्या जागी एक प्रचंड धन संख्या येईल, जी इंट या साध्या पूर्णांक प्रकारात उतरताना काय होईल ते पाहणे आलेच. वजाबाकीनंतर शून्याहून लहान असल्यास शून्य करणारी एक ओळ पुरेशी आहे. ती पॅचमध्ये आहे का?

दुसरी बाब अवैध बाइटांची. लिनक्सवर फाइलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणताही बाइट चालतो. जुन्या एकबाइटी संकेतात लिहिलेली नावे अनेक जुन्या रिपॉझिटरींत अजूनही आहेत आणि ती वैध यूटीएफ-८ नसतात. नवे फंक्शन अशा नावावर काय करते? पुढील बाइट सापडेपर्यंत सरकत राहणारे वळण (लूप) नावाच्या शेवटाबाहेर गेले तर तो केवळ रेघ सरकण्याचा प्रश्न राहत नाही. गिटमधील रुंदी काढणारे फंक्शन अवैध मजकूर आढळताच मुकाट्याने बाइटसंख्येवर परतते, आणि माझ्या मते ते योग्य आहे: रेघ वाकडी आली तरी चालेल, पण गोषवारा छापला गेलाच पाहिजे. मात्र एकेक अक्षर ओलांडत छाटणी करणारे वळण हे त्याहून निराळे प्रकरण आहे. तेथे अक्षर वाचणाऱ्या फंक्शनने 'अवैध' म्हणून शून्य पॉइंटर परत दिला आणि तो न तपासता वापरला गेला, तर साधन कोसळेल. हे वळण ओळ-ओळ वाचा, आणि बांधणी ॲड्रेस सॅनिटायझरसह (स्मृतीबाहेरचे वाचन-लेखन पकडणाऱ्या साधनासह) करून मोडकी नावे मुद्दाम देऊन पाहा.

तिसरी बाब चाचणीची. आपण सर्व चाचण्या चालवल्या हे चांगलेच, पण एक उलटी पायरी राहिली असावी: कोडमधील बदल मागे घ्या, नवी चाचणी तेवढी ठेवा आणि ती खरोखर अपयशी होते का ते पाहा. अशा दुरुस्त्यांत ही पायरी विशेष आवश्यक आहे, कारण गिटसारख्या साधनांत साध्या आस्कीबाहेरची (इंग्रजी अक्षरे, अंक आणि नेहमीची चिन्हे यांपलीकडची) नावे मुळातच अवतरणचिन्हांत घालून अष्टमान अंकांत छापली जातात. कोअर.कोटपाथ ही मांडणी बदलली नाही तर 'अ' या अक्षराचे ३४०, २४४, २०५ असे तीन गट तिरक्या रेघांसह दिसतात. ते सगळे आस्की असल्यामुळे त्यांची लांबी जुना कोडही अचूक मोजतो. चाचणीत ती मांडणी बंद केलेली नसेल तर चाचणी दुरुस्तीपूर्वीही यशस्वी होईल आणि नंतरही, आणि तिने काहीच सिद्ध केलेले नसेल.

याच ओघात लोकेलचेही, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेत ठरवणाऱ्या प्रणालीच्या मांडणीचेही, पाहा. गिटच्या चाचण्या एलसी-ऑल हे चल 'सी' ठेवूनच चालतात. कोणी पुढे प्रणालीच्या ग्रंथालयातील रुंदी सांगणारे फंक्शन वापरण्याचे सुचवले तर ते त्या लोकेलमध्ये आस्कीबाहेरच्या अक्षरांविषयी काही उपयुक्त सांगणार नाही. साधनाने स्वतःचे कोष्टक बाळगण्यामागे हेही एक कारण आहे.

अर्धविराम:

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले, जे आढळले ते मांडते.

कोड मागे घेऊन चाचणी चालवली असता ती अपयशी झाली, म्हणजे योगदानकर्त्याने नावे अवतरणांत घालण्याची मांडणी बंद केलेली आहे. या बाबतीत त्याचे काम चोख आहे. त्याच चाचणीत 'पुस्तके' हे नाव घालून पाहिल्यावर पायमोडका यांनी सांगितलेला तीन रकान्यांचाच फरक मिळाला. रुंद अक्षरांचे लांब नाव दिल्यावर ओळ ऐंशी रकान्यांपलीकडे गेली. जुन्या कोडमध्ये ती जात नव्हती, हेही पडताळले.

वजाबाकी ऋण होण्याचा एक मार्ग सापडला. वापरकर्त्याने नावासाठीची रुंदी फारच लहान दिली तर छाटणीनंतरची तीन टिंबे त्या रुंदीत मोजलीच जात नाहीत, आणि ओळीत अनपेक्षित रिकाम्या जागा येतात. हे मी केवळ कोड वाचून कधीच ओळखले नसते. अवैध नावांवर साधन कोसळत नाही, मात्र मोजणीचे फंक्शन मोडक्या नावाच्या शेवटी एक बाइट पलीकडे वाचते, असे सॅनिटायझरने दाखवले.

रुंदी काढणारे फंक्शन प्रकल्पात आधीपासून आहे. ते ओळी मोडणाऱ्या फाइलीत असल्यामुळे योगदानकर्त्याच्या नजरेस आले नसावे.

आता मला अडचण आहे ती लिहिण्याची. इतक्या गोष्टी एकदम सांगितल्या तर त्याचा धीर सुटेल, ही जुनीनोंद यांची भीती मलाही वाटते. पॅच मीच पूर्ण करून द्यावा का? आणि चलांची नावे बदलण्याविषयी काही म्हणावे की सोडून द्यावे?

जुनीनोंद:

ओळ ऐंशी रकान्यांबाहेर जाते हे आपण प्रत्यक्ष दाखवले आहे, म्हणून 'आहे तसा स्वीकारावा' हे माझे म्हणणे मी मागे घेतो. पण तो धीर सुटण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पॅच आपण पूर्ण करून देऊ नका. परीक्षकाने कोड लिहिला की त्याचे परीक्षण करणारे कोणी उरत नाही, आणि योगदानकर्त्याच्या हाती त्याचेच काम अनोळखी होऊन परत येते. त्याऐवजी आपण केलेली चाचणी त्याला द्या. 'येथे कोड पॉइंट मोजणे चूक आहे' या वाक्यापेक्षा, 'हे नाव घालून ही चाचणी चालवली असता मला रेघ तीन रकाने अलीकडे मिळाली. आपल्याकडेही तसेच येते का?' हा प्रश्न अधिक उपयोगी आहे, कारण त्यावर वाद घालण्याऐवजी तो चालवून पाहता येतो. रुंदीचे फंक्शन कोणत्या फाइलीत आहे ते सांगा. ते वापरले की आपल्या यादीतील बऱ्याच बाबी आपोआप गळतील. कोणत्या बाबी दुरुस्त झाल्याखेरीज पॅच पुढे जाऊ नये आणि कोणत्या केवळ आवडीनिवडीच्या आहेत, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहा. नव्या योगदानकर्त्याला सर्वांत अधिक त्रास याच संदिग्धतेचा होतो: स्वल्पविरामाविषयीची सूचना आणि स्मृतीबाहेर वाचण्याविषयीची सूचना त्याला एकाच सुरात ऐकू येतात.

चलांच्या नावांविषयी अवश्य म्हणा, पण नावे वाईट आहेत म्हणून नव्हे. नामबदल आणि वर्तनातील बदल एकाच कमिटमध्ये असले की पुढे कोणी 'बायसेक्ट' करून (इतिहास अर्धा-अर्धा करत दोष कोठे आला ते शोधून) या कमिटपर्यंत पोहोचला तर त्याला खरा बदल त्या गर्दीतून शोधावा लागतो. शिवाय ही दुरुस्ती देखभालीच्या जुन्या शाखेवर न्यायची झाल्यास नामबदलामुळेच संघर्ष उद्भवतात. गिटच्या प्रकल्पात प्रकाशित आवृत्तीतील बगची दुरुस्ती सामान्यतः देखभाल-शाखेवर बेतून पाठवण्याची अपेक्षा असते, ती याच सोयीसाठी. तेव्हा नामबदल स्वतंत्र कमिटमध्ये, आणि दुरुस्तीनंतर.

आता आपला दुसरा मूळ प्रश्न, ज्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. पॅच पाठवण्याविषयीच्या गिटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात कमिट संदेशाच्या शेवटी नावासह जोडल्या जाणाऱ्या ओळींचा, म्हणजे शेपटांचा, अर्थ नेमका सांगितला आहे. 'टेस्टेड-बाय' म्हणजे त्या व्यक्तीने पॅच लावला आणि अपेक्षित परिणाम मिळाल्याचे पाहिले. 'ॲक्ड-बाय' म्हणजे कोडच्या त्या भागाशी अधिक परिचित असलेल्या व्यक्तीला पॅच पसंत पडला. 'रिव्ह्यूड-बाय' मात्र परीक्षकाने स्वतःच द्यायचे असते, तेही तपशीलवार विश्लेषणानंतर पॅचविषयी पूर्ण समाधान झाल्यावर. पहिल्या दिवशी आपण जे केले होते ते 'टेस्टेड-बाय'च्या व्याख्येत बसत होते. आज आपण तपशीलवार विश्लेषण केले आहे, पण समाधान झालेले नाही. म्हणून आज कोणतेच शेपूट देऊ नये. आपल्या प्रकल्पाचे नियम वेगळे असतील तर अर्थातच ते पाळावेत.

सातवी_ओळ:

कमिट संदेशही वाचून घ्यावा. आपण त्याविषयी काही लिहिलेले नाही. 'नावांची रुंदी दुरुस्त केली' एवढेच तेथे असेल तर ते अपुरे आहे. सध्या काय घडते, ते का चुकीचे आहे, आणि हाच उपाय का निवडला, हे त्या क्रमाने यावे. विशेषतः अक्षरसमूहांच्या सीमा या पॅचमध्ये हाताळलेल्या नाहीत, हे तेथे लिहून ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा काही वर्षांनी एखादा वाचक टिंबांनंतरचा एकटा काना पाहून ती नजरचूक समजेल, आणि तो निर्णय होता हे त्याला कळण्याचा मार्ग उरणार नाही.

चाचणीसाठी एक नाव सुचवतो: 'दुसऱ्या'. यातील 'ऱ्या' दोन प्रकारे टंकलेले आढळते. काही कळफलक स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त देतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक देतात. दिसायला दोन्ही सारखेच, रकानेही सारखेच, पण दुसऱ्या प्रकारात एक कोड पॉइंट अधिक आहे. याशिवाय स्वतंत्र 'ऱ' हाही युनिकोडच्या विघटित रूपात 'र' आणि नुक्ता असा दोन कोड पॉइंटांचा होतो, आणि फाइलींची नावे विघटित रूपात साठवणाऱ्या फाइलप्रणाली मॅकवर दीर्घकाळ वापरात होत्या. म्हणजे कोड पॉइंट मोजणाऱ्या कोडमध्ये एकच नाव यंत्र बदलताच वेगळ्या लांबीचे होऊ शकते. रकाने मोजल्यास तिन्ही रूपांची रुंदी एकच यायला हवी, आणि चाचणीने तेच तपासावे. मात्र चाचणीच्या फाइलीत ही नावे अष्टमान अंकांत लिहा. थेट टंकली तर एखादा संपादक जतन करताना अदृश्य जोडक गाळून टाकील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पायमोडका:

यंत्रांनी वाचायच्या उत्पादनाकडे एकदा नजर टाकावी, एवढीच माझी भर. गिटमध्ये 'नमस्टॅट' हा प्रकार प्रोग्रॅमांसाठी असतो आणि त्यात रकाने जुळवण्याचा प्रश्नच नसतो. आपल्या साधनातही तसा प्रकार असेल आणि तो याच फंक्शनांतून जात असेल, तर त्याचे उत्पादन पॅचपूर्वी आणि पॅचनंतर बाइट-बाइट सारखे असले पाहिजे. फाइलीचे नाव बदलल्यावर जुने आणि नवे नाव महिरपी कंसांत एकत्र दाखवणारी ओळ, आणि इतिहासाच्या आलेखाशेजारी छापला जाणारा गोषवारा, हे दोन मार्गही तपासून घ्या. आलेखात डावीकडची काही जागा आधीच व्यापलेली असल्यामुळे तेथे उपलब्ध रुंदी वेगळी येते.

अर्धविराम:

दोन्ही मार्ग तपासले. नामबदलाची ओळ त्याच फंक्शनातून जाते आणि तिच्यात तोच दोष आहे. यंत्रांसाठीच्या उत्पादनात काही फरक नाही. कमिट संदेश खरोखरच एका वाक्याचा आहे.

पाठवण्यापूर्वी माझा अभिप्राय येथे देते, काही खटकल्यास सांगावे.

'पॅचबद्दल आभार. तक्रारीतील कृती मी पॅचपूर्वी आणि पॅचनंतर करून पाहिली आणि आपली चाचणी दुरुस्तीविना अपयशी होते हेही पडताळले. पुढील बाबी पॅच स्वीकारण्यापूर्वी आवश्यक वाटतात. कोड पॉइंटांची संख्या आणि टर्मिनलवरील रकाने नेहमी सारखे नसतात; सोबतच्या चाचणीत देवनागरी नावासाठी रेघ तीन रकाने अलीकडे येते, आणि रुंद अक्षरांच्या नावासाठी ओळ ऐंशी रकान्यांबाहेर जाते, जे पूर्वी होत नव्हते. ओळी मोडणाऱ्या फाइलीत रुंदी काढणारे फंक्शन आहे. ते येथे चालेल का? तसे झाल्यास अवैध नावाच्या शेवटी एक बाइट पलीकडे वाचले जाते, तो प्रश्नही सुटेल असे वाटते. नावाची रुंदी लहान दिल्यास वजाबाकी ऋण होते, त्याची चाचणीही सोबत आहे. आवश्यक नसलेली एक सूचना: चलांचा नामबदल वेगळ्या कमिटमध्ये असल्यास जुन्या शाखेवर दुरुस्ती नेणे सोपे जाईल. अक्षरसमूहांच्या सीमांवर छाटण्याची अपेक्षा या पॅचकडून नाही. मात्र कमिट संदेशात तसा उल्लेख असावा.'

जुनीनोंद:

चांगला आहे. दोनच बदल सुचवतो. 'तो प्रश्नही सुटेल असे वाटते' हे वाक्य पाठवण्यापूर्वी आपणच ते फंक्शन मोडक्या नावावर सॅनिटायझरसह चालवून पाहा आणि मग 'सुटतो' किंवा 'सुटत नाही' असे लिहा. योगदानकर्ता आपल्या शब्दावर विसंबून तो भाग तपासायचा सोडेल. आणि नामबदल आवश्यक नसलेल्या सूचनांत ठेवला आहे, तो जुन्या शाखेवर दुरुस्ती न्यायची आहे की नाही हे मेंटेनरांना विचारल्यावर ठरवा. न्यायची असेल तर ती सूचनाही आवश्यक बाबींत गेली पाहिजे.

सुधारित पॅच आला की दोन्ही आवृत्त्यांची तुलना 'रेंज-डिफ'ने करा. गिटमध्ये ही आज्ञा २०१८ साली आलेल्या २.१९ या आवृत्तीपासून आहे, आणि आपल्या साधनाचा स्वतःचा इतिहास गिटमध्ये ठेवलेला असेल तर ती तशीच वापरता येईल. जे बदललेले नाही ते पुन्हा वाचण्याचे श्रम वाचतात, आणि न सांगता बदललेले काही असेल तर तेही दिसते.